पाणचक्की आणि दुसरा नियम

उत्क्रांतीवरचा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे जाहीर केले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले नाही असा दाखला दिला, आणि देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांना संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद करावा लागला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातली उत्क्रांती गळाली आणि नुसती आनुवंशिकता उरली. अशा गोष्टींवर काय बोलायचे ते आता सर्वांना पाठ झाले आहे. मला अस्वस्थ केले ते एका व्याख्यानमालेतल्या प्रश्नोत्तरांनी. आयुष्यभर बाष्पकांवर काम केलेल्या एका निवृत्त अभियंत्यांनी उठून विचारले की, उष्मागतिकीच्या, म्हणजे उष्णता आणि काम यांच्या शास्त्राच्या, दुसऱ्या नियमानुसार जगातली अव्यवस्था वाढतच जाते, तर मग चिखलातून जीवाणू आणि जीवाणूतून माणूस अशी चढती भांजणी या नियमात बसते कशी? वक्त्यांनी एका वाक्यात उत्तर दिले, ‘पृथ्वी ही खुली प्रणाली आहे, तिला सूर्याची ऊर्जा मिळते.’ टाळ्या पडल्या. प्रश्नकर्ते खाली बसले, पण त्यांचे समाधान झाले नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि माझ्या मते ते समाधान न होणेच योग्य होते.

माझे म्हणणे असे आहे की या वादात आक्षेप चुकीचा आहे आणि त्याला दिले जाणारे ठरावीक उत्तर अपुरे आहे. आणि दोघांच्याही मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे दुसरा नियम हा सजीवांचा वैरी असून जीवसृष्टीला त्याच्यापासून काहीतरी सवलत मिळवावी लागते. प्रत्यक्षात अशी सवलत कुणालाच मिळालेली नाही आणि तिची गरजही नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, सजीवांमधल्या ज्या रचनेचे आपल्याला एवढे नवल वाटते, तिच्याबद्दल हा नियम जवळजवळ मौनच बाळगतो.

नियम आधी नीट पाहू. १८२४ साली सादी कार्नोने वाफेच्या इंजिनाचा विचार करताना ज्याची पायाभरणी केली, आणि १८६५ साली रुडॉल्फ क्लाउसियसने ज्यातल्या राशीला (ऊर्जा किती विखुरली आहे याचे हे माप, बोलीभाषेतली ‘अव्यवस्था’) एन्ट्रॉपी हे नाव दिले, तो नियम सांगतो की भोवतालाशी ऊर्जेची वा पदार्थाची कसलीच देवघेव नसलेल्या, म्हणजे विलग प्रणालीची एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही. यात ‘एकूण’ हा शब्द टाळता येत नाही. एखाद्या भागात ती कमी होऊ शकते, मात्र दुसऱ्या भागात ती निदान तेवढी तरी वाढली पाहिजे. घरातला फ्रिज पाण्याचा बर्फ करतो तेव्हा त्याच्या पाठीमागची जाळी तापते, ती याच कारणाने. अंड्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. कोंबडीच्या अंड्यातल्या बलक आणि पांढऱ्याच्या गोळ्यातून २१ दिवसांत डोळे, चोच आणि धडधडते हृदय असलेले पिल्लू तयार होते, आणि तेही उबवणीच्या पेटीत, ऊनही न लागता. अव्यवस्थेतून व्यवस्था निर्माण होऊच शकत नाही असे नियमाचे म्हणणे असते, तर उत्क्रांतीच्या आधी पोल्ट्री बंद पडली असती. आपल्या तर्कशास्त्राच्या भाषेत या आक्षेपाला अतिव्याप्तीचा दोष लागतो. जे नाकारायचे त्याच्याबरोबर तो रोज डोळ्यांसमोर घडणारेही नाकारून बसतो.

यावर आक्षेपक म्हणतील, आणि त्यांनी म्हणावेच, की अंड्यात पिल्लाचा आराखडा आधीपासूनच असतो. प्रश्न आहे तो आराखडा मुळात आला कुठून हा. मुद्दा रास्त आहे. ‘खुली प्रणाली’ हे उत्तर जिथे तोकडे पडते ती जागाही हीच आहे. विटांच्या ढिगावर शंभर वर्षे ऊन पडले तरी त्याचा वाडा होत नाही. उन्हाने कपड्याचा रंग उडतो, मेलेले जनावर सडते, डांबर वितळते. ऊर्जा आत येते एवढ्यावरून रचना निर्माण होते असे म्हणणे म्हणजे पैसा आला की शहाणपण येते असे म्हणण्यासारखे आहे. निवृत्त अभियंत्यांना ते उत्तर पटले नाही ते यामुळेच, कारण बाष्पकाखाली जाळ असला तरी सिलिंडर, दट्ट्या आणि चाक यांवाचून गाडी हलत नाही हे त्यांना व्याख्यात्यांपेक्षा चांगले ठाऊक होते.

शिवाय सूर्याची ‘ऊर्जा मिळते’ हे वाक्यही फसवे आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे सरासरी सुमारे २४० वॅट सौरऊर्जा शोषली जाते आणि जवळजवळ तितकीच अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात परत जाते; तशी ती गेली नसती तर पृथ्वी केव्हाच भाजून निघाली असती. मग आपल्याला नेमके काय मिळते? सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे आणि अवकाशातून पाहता पृथ्वी सुमारे २५५ केल्विन तापमानाच्या वस्तूसारखी प्रारणे बाहेर टाकते, म्हणून आत येणाऱ्या दर एका फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशकणामागे, ढोबळमानाने वीस दुबळे फोटॉन बाहेर जातात. तीच ऊर्जा अधिक तुकड्यांत विखरून परत जाते, आणि त्या विखुरण्यातच जगातले सारे काम होते. भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमनने १८८६ मध्येच एका व्याख्यानात हे सांगून ठेवले होते: सजीवांचा झगडा ना मूलद्रव्यांसाठी आहे ना ऊर्जेसाठी, तो आहे तप्त सूर्याकडून थंड पृथ्वीकडे येणाऱ्या या उतारासाठी. आपण सूर्याला नमस्कार करतो ते योग्यच आहे. पण रात्रीच्या थंड, काळ्या आकाशाचे उपकारही तितकेच आहेत. सगळे आकाश सूर्याइतके तापलेले असते तर ऊर्जा अमाप असती आणि तिचा उपयोग शून्य.

मंत्रिमहोदयांचे ते भाषण ज्या शहरात झाले त्याच शहरात एक जुनी पाणचक्की आहे. डोंगराकडून खापरी नळांतून आणलेले पाणी उंचावरून पडते आणि त्या धारेच्या जोरावर एकेकाळी तिथे यात्रेकरूंसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी धान्य दळले जाई. पाण्याला उतार नसेल तर जाते फिरणार नाही, आणि उतार असूनही चाक नसेल तर पाणी नुसते खडक झिजवीत वाहून जाईल. ‘खुली प्रणाली’ म्हणणारे उतार दाखवतात आणि चाकाविषयी बोलत नाहीत. आक्षेपक चाकाविषयी विचारतात, पण तो प्रश्न उताराच्या नियमाला विचारतात. वाद वर्षानुवर्षे तिथेच घोटाळतो याचे दुसरे कारण मला दिसत नाही.

या नियमाची साक्ष काढून उत्क्रांतीला कोंडीत पकडण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न आजचा नाही, तो लॉर्ड केल्विन यांचा आहे, आणि आजच्या आक्षेपांपेक्षा तो कितीतरी वरच्या दर्जाचा होता. केल्विन हे उष्मागतिकीच्या जनकांपैकी एक. पृथ्वी वितळलेल्या गोळ्यापासून निवत आली असेल तर आजच्या उष्णतेच्या वहनावरून तिचे वय काढता येईल, असा त्यांचा विचार होता. १८६२ मध्ये त्यांनी ते दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षांच्या दरम्यान बसवले आणि १८९७ पर्यंत दोन ते चार कोटींवर आणून ठेवले. नैसर्गिक निवडीला एवढा वेळ पुरणारा नव्हता आणि डार्विनला या आकड्यांचा चांगलाच धसका होता. केल्विन यांच्या गणितात चूक नव्हती. चूक होती गृहीतकांत: पृथ्वीचे अंतरंग घट्ट असून उष्णता त्यातून केवळ वहनाने बाहेर येते, आणि आत उष्णतेचा नवा स्रोत नाही. १८९५ मध्ये त्यांचेच एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी दाखवून दिले की आतला भाग संथपणे जरी ढवळला जात असेल तरी वय कित्येक पटींनी वाढते. लगोलग किरणोत्साराचा शोध लागला आणि १९०४ मध्ये रदरफर्डने, खुद्द केल्विन श्रोत्यांत बसलेले असताना, पृथ्वीच्या पोटातल्या त्या उष्णतेविषयी व्याख्यान दिले. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. उष्मागतिकीचा नियम तेव्हाही खरा होता आणि आजही आहे. तो ज्या प्रणालीला लावला तिचे चित्र चुकले होते. मात्र केल्विन यांनी आकडा मांडला होता, म्हणून तो खोडता आला. आजचे आक्षेपक आकडा का मांडत नाहीत? एन्ट्रॉपी ही मोजता येणारी राशी आहे, ज्यूल प्रति केल्विन हे तिचे एकक आहे, तर मग सजीवातली व्यवस्था नेमकी किती, हे विचारायला काय हरकत आहे?

आपणच एक ढोबळ हिशेब करू. सत्तर किलो वजनाच्या माणसात साधारण अकरा किलो प्रथिने असतात, म्हणजे अमिनो आम्लांचे, प्रथिनांच्या साखळीतल्या कड्यांचे, सुमारे शंभर मोल दुवे (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक). प्रत्येक जागी वीसपैकी कुठलेही अमिनो आम्ल येऊ शकले असते पण ठरावीकच आले, एवढ्या नेमकेपणाची किंमत एन्ट्रॉपीच्या भाषेत दर मोलमागे सुमारे २५ ज्यूल प्रति केल्विन होते. म्हणजे शरीरातल्या झाडून सगळ्या प्रथिनांचा क्रम लावण्याची किंमत जास्तीत जास्त २,५०० ज्यूल प्रति केल्विन. खोलीच्या तापमानाला एक किलो पाणी वाळते तेव्हा वाढणारी एन्ट्रॉपी आठ हजारांच्या आसपास असते. म्हणजे तीनशे ग्रॅम घाम वाळला, की अख्ख्या माणसाच्या प्रथिनांतली सारी अक्षरे जुळवण्याचे देणे फिटले! डीएनएचा हिशेब तर याहून चकित करतो. शरीरातल्या सुमारे तीस लाख कोटी पेशींपैकी प्रत्येकीत डीएनएच्या अक्षरांच्या ६४० कोटी जोड्यांचा पूर्ण मजकूर आहे असे मानले (तांबड्या पेशींना केंद्रकच नसते, तेव्हा हे मानणेही उदारपणाचे आहे), तरी त्या साऱ्या क्रमाची किंमत चार ज्यूल प्रति केल्विनच्या आत राहते. तेवढ्यासाठी अर्धा ग्रॅम पाणी, म्हणजे दहाएक थेंब, वाळले तरी पुरे. याउलट दिवसाला दोन हजार कॅलरींचे, म्हणजे विज्ञानाच्या काटेकोर भाषेत दोन हजार किलोकॅलरींचे, अन्न खाणारा माणूस शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता सतत बाहेर टाकत असतो, आणि त्यातून भोवतालाची एन्ट्रॉपी दिवसाला सुमारे २८,००० ज्यूल प्रति केल्विनने वाढवतो. प्रथिनांच्या घड्या, पेशींचे पडदे, कप्पे हे सगळे धरले तर वरचा आकडा काही पटींनी वाढेल, पण जमाखर्चाचा तोल त्याने बिघडत नाही.

या हिशेबाचा अर्थ मला असा दिसतो की, सजीवाच्या रचनेची अद्भुतता एन्ट्रॉपीच्या तराजूत तोलण्याजोगी गोष्टच नाही. छापखान्यात खिळे जुळवण्याचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना हे लगेच कळेल. एखाद्या अभंगाची ओळ जुळवली काय आणि तेच खिळे उलटसुलट लावून निरर्थक अक्षरांची रांग केली काय, शिसे तेवढेच लागते, शाई तेवढीच लागते, आणि तो कागद जाळला तर उष्णताही तितकीच निघते. उपयुक्त जनुक आणि तेवढ्याच लांबीचा निरर्थक क्रम यांत दुसरा नियम फरक करत नाही. मग एकापासून दुसऱ्याकडे जाण्याला तो मनाई कशी करणार? आणि प्रत्यक्षात अशी वाटचाल झालेलीही आहे. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जीवाणूंच्या बारा वसाहती वेगवेगळ्या चंबूंत वाढवायला घेतल्या. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर त्यांतल्या एका वसाहतीत प्राणवायूच्या उपस्थितीत सायट्रेट खाण्याची, या जातीत एरवी न आढळणारी, क्षमता आली. त्या चंबूत ना कुणी आराखडा टाकला ना कुठला नियम मोडला. नकला होत राहिल्या, त्यांत चुका झाल्या, काही चुका लाभाच्या निघाल्या आणि त्यांची संतती वाढली. अभियंत्यांचा चाकाविषयीचा प्रश्न खरोखर इथे सुटतो, नैसर्गिक निवडीपाशी. सूर्यप्रकाश त्यासाठी इंधन पुरवतो, एवढेच.

दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही, म्हणजे माझ्याच बाजूच्या लोकांशी, माझे थोडे भांडण आहे. भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगरने १९४३ मध्ये डब्लिनला दिलेल्या व्याख्यानांत, सजीव ऋण एन्ट्रॉपीवर जगतो, असे म्हटले आणि तेव्हापासून ‘जीवन म्हणजे अव्यवस्थेविरुद्धचे बंड’ ही कल्पना विज्ञानप्रसाराच्या लेखनात कायमची मुक्कामाला आली. स्वतः श्रोडिंगरला भौतिकशास्त्रज्ञांच्या टीकेनंतर टीप जोडून सांगावे लागले होते की केवळ त्यांच्यासाठी लिहायचे असते तर आपण मुक्त ऊर्जेविषयी, म्हणजे कामाला लावता येणाऱ्या ऊर्जेविषयी, बोललो असतो. ती टीप कुणी वाचत नाही. आपण ‘व्यवस्था’ खातो असे मानले तर खडीसाखर पाकापेक्षा पौष्टिक ठरायला हवी, कारण स्फटिकात रेणू शिस्तीने रचलेले असतात आणि पाकात ते विखुरलेले असतात. हिऱ्याइतकी शिस्त तर कशातच नाही, पण हिरा खाऊन कुणाचे पोट भरल्याचे ऐकिवात नाही. अन्नात महत्त्व आहे ते त्याच्या आणि प्राणवायूच्या संयोगातून काम करून घेता येण्याजोग्या ऊर्जेला. शिवाय पेशीतली बरीचशी रचना दुसऱ्या नियमाविरुद्ध लढून उभी राहत नाही, ती त्याच्याच जोरावर उभी राहते. आमटीवर तेलाचा तवंग वेगळा होतो तो पाण्याचे रेणू तेलाभोवती जखडले जाण्यापासून सुटावेत म्हणून. तेल एकत्र आलेले दिसते, पण पाणी मोकळे होते आणि एकूण एन्ट्रॉपी वाढते. पेशीचा पडदा स्वतःहून जुळतो तो मुख्यतः याच कारणाने, आणि प्रथिनांची घडी बसण्यातही याचा मोठा वाटा आहे. डोळ्यांना दिसणारी नीटनेटकी मांडणी आणि कमी एन्ट्रॉपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा मान्य केले, की बंडाची भाषा आपोआप पोकळ वाटू लागते.

अलीकडे उलट टोकाची एक कल्पना लोकप्रिय होत आहे: जीवसृष्टी अवतरली ती एन्ट्रॉपी अधिक वेगाने वाढवण्यासाठीच. यात ‘साठी’ हा शब्द मागच्या दाराने येतो. ऊन शोषून ते उष्णतेच्या रूपात परत फेकण्याचे काम काळा कातळ किंवा डांबरी रस्ता जंगलाइतकेच चोख करतो. निसर्गाला एवढेच हवे असते तर त्याला पिंपळाची गरज नव्हती.

तरीही एक गोष्ट आक्षेपकांना मोकळेपणाने द्यायला हवी. नैसर्गिक निवड सुरू व्हायला आधी नक्कल करू शकणारे काहीतरी हवे, आणि ते पहिले काहीतरी कसे झाले याचे पक्के उत्तर आज कुणापाशी नाही. आपल्या पेशींतही एक पाणचक्कीच आहे, आणि हे मी केवळ उपमा म्हणून म्हणत नाही. अन्नाच्या ज्वलनातून पेशी पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, साठवते. ते उताराने परत येताना प्रथिनांचे एक चाक सेकंदाला शंभराच्या घरात फेऱ्या मारते आणि दर फेरीला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, तीन रेणू बाहेर पडतात. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये प्रोटॉनच्या उताराची ही कल्पना मांडली तेव्हा बहुतेकांनी ती उडवून लावली होती. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जीवाणूपासून माणसापर्यंत हेच यंत्र आहे, तेव्हा ते फार जुने असले पाहिजे. पण त्याच्या आधी काय होते? २००० साली अटलांटिकच्या तळाशी सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’ या झऱ्यांच्या समूहात अल्कधर्मी पाणी सच्छिद्र खडकातून समुद्रात झिरपते. पहिल्या महासागरांचे पाणी आजच्यापेक्षा आम्लधर्मी असावे, तेव्हा अशा झऱ्यांच्या खडकांतल्या पातळ भिंतींच्या दोन बाजूंना प्रोटॉनचा आयता उतार तयार झाला असेल, म्हणून तिथे सुरुवात झाली असावी असे काही शास्त्रज्ञ मानतात. इतर काही जमिनीवरच्या, वाळून पुन्हा भरणाऱ्या डबक्यांच्या बाजूने आहेत. हा वाद रसायनशास्त्राचा आहे आणि तो प्रयोगशाळेत चालू आहे. ‘अजून कळलेले नाही’ याचे ‘घडणे अशक्य आहे’ असे भाषांतर करण्याचा अधिकार दुसरा नियम कुणालाही देत नाही.

व्याख्यान संपल्यावर ते अभियंते मला जिन्यात भेटले. पाणचक्कीपर्यंत आमचे एकमत झाले. तीनशे ग्रॅम घामाच्या हिशेबावर त्यांनी खिशातून पेन काढून कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडले, एका ठिकाणी मला दुरुस्त केले आणि मान हलवली. मग म्हणाले, ‘म्हणजे प्रश्न नियमाचा नाहीच, पहिले चाक कसे बसले, एवढाच आहे. मग त्यावर एखादे व्याख्यान का ठेवत नाहीत?’ तोवर शिपाई सभागृहातले पंखे बंद करू लागला होता.